विश्रांती आणि एकाच वेळी अनेक कामे: चौदा इलेक्ट्रोडांच्या ईईजी हेडसेटचे परीक्षण

मेंदू स्वस्थ असताना आणि एकाच वेळी दोन-तीन कामांत गुंतलेला असताना त्याच्या विद्युत सक्रियतेत पडणारा फरक मोजण्यासाठी आता रुग्णालयातील यंत्रापुढे बसण्याची गरज उरलेली नाही. डोक्यावर बसवता येणारे आणि संगणकाला बिनतारी जोडले जाणारे ईईजी (म्हणजे डोक्याच्या त्वचेवरून मेंदूची विद्युतसक्रियता नोंदवणारे) हेडसेट सामान्य ग्राहकालाही विकत मिळतात. येथे ज्याचे परीक्षण केले आहे तो हेडसेट १४ इलेक्ट्रोडांचा आहे, त्याच्या प्रत्येक इलेक्ट्रोडवर मिठाच्या पाण्यात भिजवलेली फेल्टची छोटी गादी बसते आणि तो प्रत्येक ठिकाणाहून सेकंदाला १२८ नमुने घेतो. ध्यान, झोप, खेळ अशा अनेक उपयोगांसाठी त्याची जाहिरात होते. मी तो मानसशास्त्राच्या प्रयोगवर्गात विश्रांती आणि बहुकार्य यांची तुलना करण्यासाठीच वापरला आहे आणि माझे मत तेवढ्यापुरतेच आहे. ते मत असे की या उपकरणाची कच्ची नोंद, म्हणजे इलेक्ट्रोडांवरून आलेला मूळ सिग्नल, या कामासाठी पुरेशी चांगली आहे, मात्र विश्रांतीची स्थिती नेमकी कशी घडवायची हे प्रयोग करणाऱ्याने आधी काळजीपूर्वक ठरवलेले असले पाहिजे. आणि सोबतचे अ‍ॅप ‘एकाग्रता’, ‘ताण’ अशा नावांखाली जे तयार गुण दाखवते, त्यांवर या प्रयोगात विसंबू नये.

हे उपकरण काय मोजते ते आधी स्पष्ट असावे. मेंदूच्या बाह्यपटलातील लाखो चेतापेशी जेव्हा एकाच तालात उत्तेजित होतात, तेव्हा त्यांच्या विद्युतप्रवाहांची बेरीज कवटी आणि त्वचा ओलांडून बाहेर पोहोचते, आणि तिथे ती काही दहा मायक्रोव्होल्टांएवढीच उरलेली असते. जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतील ही विद्युतसक्रियता प्रथम नोंदवली आणि १९२९ साली ती प्रसिद्ध केली. डोळे मिटून शांत बसलेल्या माणसात सेकंदाला दहाच्या आसपास आवर्तने असलेली लय दिसते आणि डोळे उघडताच किंवा मनात आकडेमोड सुरू करताच ती दबते, हे त्यांचेच निरीक्षण आहे. आज आपण तिला अल्फा म्हणतो आणि ८ ते १३ हर्ट्झच्या पट्ट्यात मोजतो. म्हणजे विश्रांती आणि काम यांतील फरक हा ईईजीच्या अगदी पहिल्या शोधांपैकी एक आहे, आणि कोणत्याही हेडसेटची पहिली परीक्षा त्यावरच घ्यावी. डोळे मिटल्यावर डोक्याच्या मागच्या बाजूच्या दोन इलेक्ट्रोडांवर अल्फा स्पष्ट उठतो का आणि उघडल्यावर बसतो का, एवढे पाहायचे. हा हेडसेट त्या परीक्षेत सहज उतरतो. ज्या थोड्या व्यक्तींमध्ये अल्फा मुळातच अस्पष्ट असतो त्यांच्याबाबत निराश होण्याचे कारण नाही, कारण तो त्या व्यक्तींचा स्वभावधर्म आहे.

डोक्यावर बसवण्याचा भाग मात्र कष्टाचा आहे. गाद्या नीट भिजलेल्या असाव्या लागतात, पण त्यांतून पाणी ओघळता कामा नये, कारण शेजारच्या दोन गाद्यांमध्ये ओलावा जोडला गेला तर दोन्हींवर एकच सिग्नल दिसू लागतो आणि ही चूक नुसत्या डोळ्यांनी पटकन ओळखू येत नाही. केस दाट असतील तर प्रत्येक इलेक्ट्रोडखालचे केस बोटांनी बाजूला सारून गादी त्वचेला टेकवावी लागते. प्रयोगशाळेतील जेलच्या इलेक्ट्रोडांइतका पक्का संपर्क इथे मिळत नाही आणि मोजणी लांबली की गाद्या सुकू लागून सिग्नल हळूहळू बिघडतो. म्हणून विश्रांतीची नोंद आधी आणि कामाची नोंद नंतर, असा क्रम सगळ्यांसाठी ठेवू नये. तसे केल्यास गाद्या सुकल्यामुळे झालेला बदल मेंदूतील बदल म्हणून हिशेबात शिरतो. निम्म्या लोकांना उलट्या क्रमाने बसवावे, किंवा कामानंतर विश्रांतीची आणखी एक नोंद घेऊन ती पहिलीशी ताडून पाहावी. अ‍ॅपमध्ये प्रत्येक इलेक्ट्रोडचा संपर्क रंगाने दिसतो, ही सोय खरोखर उपयोगी आहे. नोंद सुरू करण्यापूर्वीच नव्हे, तर संपवल्यावरही ते रंग पाहून टिपून ठेवावेत.

इलेक्ट्रोडांच्या जागांबद्दल मला सविस्तर लिहावेसे वाटते, कारण या हेडसेटची सर्वांत मोठी मर्यादा तिथे आहे. डोक्यावरच्या जागा ठरवण्याची जी आंतरराष्ट्रीय १०-२० पद्धत हर्बर्ट जास्पर यांनी १९५८ साली मांडली, तिच्यावर आधारलेल्या जागाच इथे वापरल्या आहेत. कपाळाजवळ, कपाळाच्या बाजूंना, कानांच्या वर आणि मागे डोक्याच्या पाठीवर अशा सात जागा डावीकडे आणि त्यांच्याच जोडीच्या सात उजवीकडे आहेत. डोक्याच्या मधल्या रेषेवर मात्र एकही इलेक्ट्रोड नाही. आता अडचण अशी की मनावरचा भार वाढला असता ईईजीत जो बदल सर्वांत भरवशाने दिसतो, तो म्हणजे ४ ते ८ हर्ट्झच्या थीटा पट्ट्यातील वाढ, आणि ती नेमकी कपाळाच्या वर, मधल्या रेषेवर सर्वांत ठळक असते. स्मृतीत काही धरून ठेवण्याची कामे देऊन नव्वदच्या दशकात जे प्रयोग झाले, त्यांत काम अवघड होत गेले तसा मधल्या रेषेवरचा थीटा वाढला आणि अल्फा घटला, असे पुन्हा पुन्हा दिसले. या हेडसेटमध्ये तो थीटा बाजूच्या इलेक्ट्रोडांवर काहीसा विरलेल्या स्वरूपात पोहोचतो. तो मुळीच दिसत नाही असे नव्हे, कारण कवटीतून बाहेर येताना सिग्नल पसरतोच. पण ज्या जागी तो सर्वांत स्वच्छ मिळाला असता तीच जागा सोडलेली आहे. पुढच्या आवृत्तीत मागच्या बाजूचा एखादा इलेक्ट्रोड कमी करून मधल्या रेषेवर एक दिला, तरी मानसिक भाराच्या अभ्यासासाठी या उपकरणाचे मोल पुष्कळ वाढेल.

बहुकार्याचे काम कोणते द्यायचे, याचा निर्णय उपकरणाइतकाच महत्त्वाचा आहे. माणूस दोन विचारी कामे खरोखर एकाच क्षणी करत नाही. तो एका कामावरून दुसऱ्यावर झपाट्याने उड्या मारतो आणि प्रत्येक उडीची थोडी किंमत मोजतो, हे १९२७ साली आर्थर जर्सिल्ड यांनी आणि १९९५ साली रॉजर्स व मॉन्सेल यांनी प्रतिसादाला लागणारा वेळ मोजून दाखवले आहे. म्हणून काम असे हवे की त्यात या उड्या टाळताच येऊ नयेत. सिंगापूरच्या नानयांग तंत्रज्ञान विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेला एक खुला नोंदसंच या बाबतीत उत्तम आदर्श आहे. त्यात ४८ जणांची ईईजी १४ इलेक्ट्रोडांच्याच हेडसेटने आणि सेकंदाला १२८ नमुन्यांच्याच वेगाने घेतलेली आहे. प्रत्येकाची विश्रांतीची अडीच मिनिटे आणि बहुकार्याची अडीच मिनिटे, म्हणजे प्रत्येक स्थितीत दर इलेक्ट्रोडमागे १९,२०० नमुने. बहुकार्यासाठी सिमकॅप ही चाचणी वापरली आहे. तीत पडद्यावरच्या दोन चौकटी ताडून सारख्या गोष्टी शोधून खुणा करायच्या असतात आणि त्याच वेळी कानावर पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात. काही प्रश्नांची उत्तरे लगेच द्यायची नसून ठरलेल्या वेळी द्यायची असल्यामुळे कोपऱ्यातील घड्याळावरही लक्ष ठेवावे लागते. पाहणे, ऐकणे, मोजणे आणि आठवण ठेवणे या चारही गोष्टी यात एकत्र येतात. हा आराखडा मला फार आवडतो. त्याच धर्तीवर घरी किंवा वर्गात सोपी जोडकामे रचता येतात, उदाहरणार्थ पडद्यावर ठरावीक आकृत्या शोधत असताना कानावर येणाऱ्या संख्यांची बेरीज मनात धरून ठेवणे.

आता विश्रांतीकडे येतो. प्रयोग करणाऱ्यांची सारी काळजी कामाच्या रचनेवर खर्च होते आणि विश्रांतीसाठी ‘नुसते बसा’ एवढीच सूचना दिली जाते, हा सर्रास दिसणारा दोष आहे. पण नुसते बसलेल्या माणसाचा मेंदू रिकामा नसतो. शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असलेला हा अवयव शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो, आणि एखादे काम सुरू केल्यावर त्या वापरात जी भर पडते ती मुळातल्या खर्चाच्या तुलनेत फार लहान असते. मार्कस राइकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवले की काही भाग तर बाहेरचे काम नसताना अधिक सक्रिय असतात आणि काम सुरू होताच मंदावतात. आठवणी, स्वतःविषयीचे विचार, उद्याची आखणी यांच्याशी त्या भागांचा संबंध जोडला जातो. तेव्हा ‘नुसते बसा’ म्हटल्यावर एक जण परीक्षेची चिंता करत बसतो, दुसरा मनात हिशेब करतो, तिसरा पेंगतो, आणि या तिघांची नोंद आपण एकाच नावाने साठवतो.

पेंग हा यांतला सर्वांत फसवा प्रकार आहे. झोप लागू लागते तेव्हा अल्फा विरतो आणि मंद लहरी, त्यांत थीटाही, वाढतात. म्हणजे डोळ्यांवर झापड आलेल्या माणसाच्या आलेखात अल्फा घटलेला आणि थीटा वाढलेला दिसतो, आणि भारी काम करणाऱ्याच्या आलेखातही वरवर पाहता तेच दिसते. फरक असतो तो डोक्यावरील जागांचा: कामाचा थीटा कपाळाच्या मध्याजवळ साठलेला असतो, पेंगेचा अधिक पसरलेला असतो, आणि नेमका मधल्या रेषेवरचा इलेक्ट्रोड या हेडसेटमध्ये नसल्यामुळे हा भेद करणे अवघड जाते. म्हणून विश्रांतीची नोंद जेवणानंतर लगेच घेऊ नये, ती फार लांबवू नये आणि बसलेल्याला एका स्थिर खुणेकडे पाहायला सांगावे.

डोळ्यांचा प्रश्न तर त्याहून मूलभूत आहे. विश्रांती डोळे मिटून आणि काम डोळे उघडे ठेवून घेतले, तर अल्फातील घट प्रचंड दिसते आणि पाहणाऱ्याला प्रयोग फार यशस्वी झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात त्या घटीचा मोठा वाटा डोळे उघडल्याचा असतो, कामाचा नव्हे. दोन्ही स्थितींत डोळे उघडे, नजर पडद्यावर, खोलीतला प्रकाश तोच आणि बसण्याची पद्धत तीच, असे ठेवले म्हणजे जो फरक उरतो तो लहान असतो पण खरा असतो. डोळे मिटलेली नोंदही घ्यावी, पण वेगळी, फक्त अल्फा कुठे आहे ते ओळखण्यासाठी. प्रत्येकाचा अल्फा नेमक्या दहा हर्ट्झवर नसतो. कुणाचा नऊवर असतो, कुणाचा अकरावर, आणि वय वाढते तसा तो सामान्यतः मंदावतो. ठरीव ८ ते १३ चा पट्टा सगळ्यांना लावण्यापेक्षा ज्याच्या त्याच्या शिखराभोवती पट्टा धरला तर मोजणी अधिक न्याय्य होते.

अशी काळजी घेऊन मोजल्यावर या हेडसेटने जे दाखवले ते जुन्या प्रयोगांशी जुळते. एकाच व्यक्तीच्या एकाच बैठकीतल्या दोन नोंदींची तुलना केली असता काम करताना मागच्या बाजूचा अल्फा बहुतेकांत घटलेला दिसतो, आणि पुढच्या बाजूचा थीटा वाढलेला दिसतो, जरी ही वाढ सर्वांत सारखी ठळक नसते. मात्र एका व्यक्तीचा विश्रांतीतला अल्फा दुसरीच्या कामातल्या अल्फापेक्षाही कमी असू शकतो. कवटीची जाडी, केस, गादीचा संपर्क आणि मुळातला स्वभावधर्म यांमुळे व्यक्ती-व्यक्तींमधला फरक हा विश्रांती-काम यांच्यातल्या फरकापेक्षा अनेकदा मोठा असतो. यामुळेच दोन माणसांचे आकडे शेजारी ठेवून ‘याचा मेंदू अधिक शांत’ असे विधान या उपकरणावरून करता येत नाही. प्रत्येकाच्या कामातील मूल्याला त्याच्याच विश्रांतीतील मूल्याने भागावे, त्याचा लॉगॅरिदम घ्यावा आणि मगच सरासरी काढावी.

बीटा (अल्फाच्या वरचा, सुमारे १३ ते ३० हर्ट्झचा पट्टा) आणि त्यावरच्या पट्ट्यांबाबत मी वाचकांना स्पष्ट इशारा देऊ इच्छितो. काम करताना माणूस कपाळाला आठ्या घालतो, दात आवळतो, उत्तर देण्यासाठी ओठ हलवतो, आणि या स्नायूंची विद्युतसक्रियता थेट त्याच इलेक्ट्रोडांवर उमटते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका धाडसी प्रयोगात स्वयंसेवकांचे स्नायू औषधाने तात्पुरते पूर्ण शिथिल करून ईईजी घेण्यात आली, तेव्हा २० हर्ट्झच्या वरच्या सिग्नलमध्ये स्नायूंचे केवढे मिश्रण असते हे उघड झाले. या हेडसेटचे कितीतरी इलेक्ट्रोड कपाळावर आणि कानशिलांवर, म्हणजे नेमके चावण्याच्या आणि भुवयांच्या स्नायूंवर बसतात. तेव्हा काम करताना बीटा वाढला असे दिसले, तर तो जबडा आवळल्याचा पुरावाही असू शकतो. उत्तरे बोलून न देता बटण दाबून द्यायला सांगितली, तर हा गोंधळ पुष्कळ कमी होतो. पापण्यांची उघडझाप वेगळ्या प्रकारे त्रास देते. डोळ्याचा पुढचा भाग मागच्या भागाच्या तुलनेत धनभारित असल्यामुळे प्रत्येक उघडझापेला कपाळाच्या इलेक्ट्रोडांवर शंभर किंवा त्याहून अधिक मायक्रोव्होल्टांची लाट येते आणि ती थीटाच्या पट्ट्यातही सांडते. पडद्याकडे एकाग्रतेने पाहताना माणूस पापण्या कमी मिटतो, म्हणजे हा दोष दोन्ही स्थितींत सारखा नसतो. असे तुकडे काढून टाकल्याशिवाय सरासरी काढू नये.

सेकंदाला १२८ नमुने हा वेग ६४ हर्ट्झपर्यंतच्याच लहरी टिपू देतो. थीटा, अल्फा आणि खालचा बीटा यांसाठी तो पुरेसा आहे आणि त्याहून वरचे या उपकरणात पाहूही नये. वीजपुरवठ्याचा गुंजारव, मग तो ५० हर्ट्झचा असो वा ६०, गाळणीने (फिल्टरने) काढून टाकता येतो. बॅटरी आणि बिनतारी जोडणी यांनी माझ्या वापरात कामात खंड पाडला नाही.

राहिले ते अ‍ॅपमधील तयार गुण. हेडसेट घालताच पडद्यावर एकाग्रता, ताण, उत्साह यांचे काटे हलू लागतात आणि पाहणाऱ्याला आपले मन उघडे झाल्यासारखे वाटते. हे आकडे कोणत्या इलेक्ट्रोडांवरून, कोणत्या पट्ट्यांवरून आणि कोणत्या सूत्राने काढले, हे सांगितलेले नाही, आणि माझा आक्षेप नेमका यावर आहे. सूत्र उघड असेल तर साधा निर्देशांकही उपयोगी पडतो. १९९५ साली नासाशी संबंधित ॲलन पोप आणि सहकाऱ्यांनी बीटाला अल्फा आणि थीटा यांच्या बेरजेने भागून व्यग्रतेचा एक निर्देशांक मांडला होता. त्यावर टीका करता येते, तो तपासता येतो, स्नायूंमुळे तो कुठे फसेल हेही सांगता येते. बंद पेटीतल्या गुणाबाबत यांतले काहीच करता येत नाही. तेव्हा कच्ची नोंद उतरवून घेण्याची सोय खरेदीतच मिळते की तिच्यासाठी वेगळी परवानगी घ्यावी लागते, हे विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याला लेखी विचारावे. ती सोय नसेल तर या प्रयोगासाठी हा हेडसेट घेऊ नये.

कच्ची नोंद हाती असेल तर पुढचे काम कठीण नाही. दोन-दोन सेकंदांचे, निम्मे एकमेकांवर चढलेले तुकडे पाडून पीटर वेल्च यांच्या १९६७ सालच्या पद्धतीने प्रत्येक वारंवारतेची शक्ती काढता येते. ती करणारी मोफत साधने उपलब्ध आहेत आणि अर्ध्या हर्ट्झचा बारकावा या कामाला पुरतो. प्रत्येक स्थितीनंतर बसलेल्या व्यक्तीला काम किती जड वाटले ते १ ते ९ या पट्टीवर विचारावे. सिंगापूरच्या नोंदसंचातही तसेच केले आहे, आणि ते मला अतिशय योग्य वाटते, कारण सांगितलेला भार आणि मोजलेला भार जिथे जुळत नाहीत त्या नोंदी पुन्हा उघडून पाहाव्या लागतात: कधी गादी सुकलेली असते, कधी माणसाने मधेच काम सोडून दिलेले असते, आणि कधी काम त्याला खरोखरच सोपे गेलेले असते.

ज्यांना निदान करायचे आहे त्यांच्यासाठी हे उपकरण नाही. अपस्माराची शंका किंवा झोपेचे विकार यांसाठी तज्ज्ञ डॉक्टरांकडची पूर्ण ईईजीच हवी. मेंदूच्या खोल भागांत काय घडते हेही येथे दिसत नाही, त्यासाठी रक्तप्रवाह मोजणारे एफएमआरआय लागते, आणि ते काही सेकंद मागून बोलते. शिक्षक, मानसशास्त्राचे विद्यार्थी आणि सिग्नलवर हात बसवू पाहणारे अभियंते यांना मात्र मी हा हेडसेट घेण्याचा सल्ला देईन, एका अटीवर. आधी तो खुला नोंदसंच उतरवून घ्यावा, त्यातील ४८ जणांच्या दोन्ही स्थितींचा अल्फा आणि थीटा स्वतः काढून पाहावा आणि त्यात आपल्याला पापण्यांच्या लाटा ओळखता येतात का, एखादी नोंद का वगळायची हे ठरवता येते का, याची खात्री करून घ्यावी. ते जमले तर हेडसेट आल्या दिवसापासून उपयोगी पडेल. ते जमेपर्यंत खरेदी थांबवावी, कारण शिकण्याजोगे बहुतेक सारे त्या नोंदसंचात फुकट उपलब्ध आहे.